शुक्रवारचा शिक्का

बाई शिक्का मारायच्या तेव्हा वरच्या मजल्यावर वाटायचं, खाली कुणीतरी खुर्च्या आपटतंय. बदलून आलेला प्रत्येक नवा माणूस पहिल्याच आठवड्यात विचारायचा, “खाली काही दुरुस्ती चालू आहे का हो?” मग जुन्यांपैकी कुणीतरी फायलीतून मान वर न करता सांगायचं, “नाही. शिक्केबाई कामावर आल्यात.”

परवानगी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर शिक्केबाईंना बावीस वर्षं झाली होती. कुणाला कारखाना काढायचा असो, खाण खोदायची असो की वीज केंद्र उभारायचं असो, अर्ज आधी त्यांच्या टेबलावर यायचा. जाड नोंदवहीत त्या आपल्या टपोऱ्या अक्षरात वार, तारीख, वेळ आणि आणणाऱ्याचं नाव लिहायच्या, मग ‘मिळाला’चा शिक्का हाणायच्या आणि कागद पुढे ढकलायच्या. नोंदवहीत त्यांची एक खाडाखोड सापडली असती तर ती दाखवणाऱ्याला त्यांनी चहा पाजला असता. बावीस वर्षांत कुणाला फुकटचा चहा मिळाला नव्हता.

शिक्क्याची गोष्ट मात्र वेगळी होती. त्याच्या पोटात तारखेचे रबरी पट्टे होते आणि ते फिरवायला बारीक चाकं. ती चाकं इतकी घट्ट की तारीख बदलली की अंगठा आणि दोन बोटं जांभळी. जांभळ्या बोटांनी चहाचा कप कोण धरणार? आणि साबण होता फक्त कॅन्टीनमागच्या नळाशी. म्हणून या टेबलाची एक रीत पडून गेली होती. आधी साडेदहाचा चहा, मग चाक फिरवायचं, मग नळावर जाऊन हात धुवायचे. साडेदहाच्या आत कागद आला तर त्याच्यावर मागच्या कामाच्या दिवसाची तारीख पडायची. बाईंनी ही रीत आधीच्या कारकुनांकडून उचलली, त्यांनी त्यांच्या आधीच्यांकडून. कुणाचंही काही अडलं नव्हतं. अडणार कसं? तिथे अर्ज तीन-तीन वर्षं पाय पसरून झोपायचे. एक दिवस इकडे काय नि तिकडे काय.

मग विधानसभेत तो कायदा झाला.

बाईंना तो कळला घरी, कपड्यांच्या घड्या घालताना. टीव्हीवर मंत्री बोलत होते. एक शब्द बोलायचा, पाणी प्यायल्यासारखा थांबायचा, मग दुसरा. “उशीर... हा... आपल्या राज्याचा... शत्रू... आहे!”

“अहो, ऐकलंत का?” बाई म्हणाल्या. “एका वाक्याला चार थांबे घेतो, आणि म्हणे उशीर शत्रू.”

बाईंचे यजमान वीज मंडळात लाइनमन. खांबावर चढून चढून त्यांच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते आणि शिव्या खाऊन खाऊन कानांचेही. ते म्हणाले, “अगं, बोलू दे की. काम तर चांगलं करतोय. गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्रांना साठ दिवसांत परवानगी. गेल्या उन्हाळ्यात मी ट्रान्सफॉर्मर बघायला चढलो, तर खालून एका आजींनी मला चप्पल दाखवली. ऐंशी वर्षांच्या असतील! त्यांनाही वीज हवी, मलाही अब्रू हवी.”

“वीज नको असं मी म्हणाले का?”

“मग?”

“साठ दिवसांत कार्यालयाने हरकत कळवली नाही तर परवानगी दिली असं ‘मानलं जाईल’. हे काय आहे? कोण मानणार? मी एक दिवस तुमच्याशी बोलले नाही, तर तुम्ही काय मानता?”

“मी मानतो, चिडलीय.”

“बघा! तुम्हाला एवढी अक्कल आहे. हे लोक मानणार, बाई खूश आहे!” आणि त्यांनी यजमानांच्या शर्टाची घडी अशी घातली की दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा इस्त्री करावी लागली.

बाईंचा राग नुसताच नाकावरचा नव्हता. पूर्वी परवानगीवर कुणाची तरी सही लागायची. सही करणारा कागद दोनदा तरी वाचायचा. उद्या काही झालं तर नाव आपलं, ही धास्ती असायची. आता गप्प बसणं हीच सही. आणि गप्प बसण्याखाली कुणाचं नाव लिहायची सोय नसते.

पुढे महिनाभरातच एका सोमवारी सकाळी, कार्यालयाचं दार अजून धड उघडलंही नव्हतं, तेव्हा एक टायवाला आत आला. फाटकावरच्या वॉचमनने त्याची आपल्या वहीत नोंद केली, नऊ पस्तीस. हातात दोन जाड फायली, ओठांवर हसू, आणि आवाज असा की दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी बोलतोय.

“मॅडम, अ‍ॅक्चुअली आमचा अर्ज होता. गॅसवरच्या वीज प्रकल्पाचा. पहिला नंबर लावायचा म्हणून लवकर आलो.”

बाईंनी फाइल उघडली आणि पहिल्याच नकाशावर त्यांचं बोट थबकलं. रेल्वेरुळांच्या अलीकडचा मोकळा माळ, त्याला लागून शाळा, शाळेमागे घरांच्या रांगा. तिसरी रांग, डावीकडून चौथं घर. त्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी त्याच सकाळी बंद केली होती.

“हे इथे?”

“हो मॅडम. अगदी मोकळी जागा आहे.”

“मोकळी! आम्ही काय तिथे चित्रात राहतो?”

टायवाला हसला. “अरे वा, म्हणजे तुम्ही आपल्याच शेजारी! मग काय, अ‍ॅक्चुअली आपलेच लोक.”

बाईंनी नोंदवहीत लिहिलं, सोमवार, तारीख बारा, नऊ चाळीस. अक्षरांवरची रेघ कागदात रुतली एवढा जोर होता. आणि मग त्यांनी दातओठ खाऊन शिक्का हाणला. इतक्या रागाने, की त्याच्यावर काय उमटलं ते बघण्याचं भानही राहिलं नाही. शिक्क्यात अजून शुक्रवार होता. तारीख नऊ. चहा व्हायचा होता ना.

अर्ज तपासायचं काम आलं इंजिनियर पोरीकडे. ती दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागली होती, बाईंना मावशी म्हणायची आणि डबा खातानाही फाइल वाचायची. तिने त्या दोन फायली अशा वाचल्या की कंपनीनेही वाचल्या नसतील. एक दिवस ती टेबलाशी येऊन म्हणाली, “मावशी, यांनी वारा मोजलाय तो फक्त चार महिन्यांचा. नेमका जेव्हा तो रुळांकडे वाहतो ते चार महिने.”

“आणि उरलेले आठ?”

“उरलेले आठ तो शाळेवरून तुमच्याकडे येतो.”

“ते यांना सापडले नाहीत वाटतं.”

“शोधलेच नाहीत. जुन्या नियमात वर्षभराचं मोजमाप लागायचं. आता ‘उपलब्ध माहिती’ चालते. यांना उपलब्ध झाली तेवढी त्यांनी दिली.” पोरगी चष्मा पुसत म्हणाली. “मी हरकत घेतेय. धुराडी आणि ते थंड करायचे मोठे पंखे जागेच्या पलीकडच्या टोकाला न्या, रुळांच्या बाजूला. जागा भरपूर आहे. केंद्र होऊ दे, पण तिकडे. फक्त मला सांगा, अर्ज आला कधी? साठ दिवस कधी भरतात?”

बाईंनी नोंदवही उघडून दाखवली. सोमवार, बारा. पोरीने बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. एकोणसाठाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, दोन पानांचं हरकतीचं पत्र साहेबांच्या सहीने कंपनीकडे गेलं. साहेबांनी सही करताना तीनदा घाम पुसला, पण केली. त्या संध्याकाळी घरी जाऊन बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली.

सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. अर्जाच्या पहिल्या पानाची प्रत, शिक्क्याभोवती लाल गोल, आणि खाली चार ओळी: आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यानुसार अर्ज नऊ तारखेला मिळाला आहे. आपले पत्र बासष्टाव्या दिवशी निघाले आहे. सबब परवानगी मिळाली असे मानले गेले आहे. पुढच्या आठवड्यात खोदकाम सुरू करत आहोत. कळावे.

बाईंनी तो लाल गोल पाहिला. त्या उठून थेट नळावर गेल्या. बोटं स्वच्छ होती, तरी साबण लावून घासत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी जगावर राग काढला होता, आज पहिल्यांदा तो उलटा फिरून त्यांच्याच अंगावर आला. एका कप चहासाठी! तीन दिवस! आणि मग, हात कोपरापर्यंत ओले असताना, तो पुन्हा बाहेर वळला. तीन वर्षं चालणारं काम साठ दिवसांवर आणलं, एक माणूस वाढवला नाही, एक नवा शिक्का दिला नाही, आणि शाळेचा वारा कुठून वाहायचा ते आता या रबराच्या तुकड्याने ठरवायचं?

साहेबांनी आत बोलावलं. साहेबांना कुठल्याही गोष्टीचं नाव घ्यायची भीती वाटायची. त्यांचं सगळं बोलणं ‘ते’ आणि ‘हे’ यांच्यावर चालायचं.

“बाई, बसा. ते आपलं जरा हे झालंय.”

“काय झालंय, साहेब?”

“म्हणजे ते नोंदवहीत एक आहे आणि त्याच्यावर दुसरं. आता सुनावणी लावलीय. वरून माणूस येतोय. तर त्याच्या आत आपण ते जरा... हे करून टाकू.”

“काय करून टाकू?”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. “जुळवून टाकू.”

“नोंदवहीतला सोमवार खोडून शुक्रवार करू, असं?”

“अहो, हळू! मी असं म्हणालो का?”

“मग कसं म्हणालात ते म्हणा. म्हणजे मलाही कळेल, बाहेरच्यांनाही.”

“बाई, समजून घ्या. मंत्रालयातून दर महिन्याला यादी येते. कुणाचं काम अडलं त्याच्यापुढे लाल खूण. माझ्या नावापुढे दोन झाल्यात. आणि यात आपला कुणाचाच हात नाही. आपण कुठे परवानगी दिली? ती आपोआप मानली गेलीय. कुणाची सही नाही, कुणाचा दोष नाही. सगळं कसं... हे आहे. तुम्हाला दोन वर्षं राहिलीत. चूक कबूल केलीत तर चौकशी लागेल. बावीस वर्षांचे शिक्के उकरतील.”

“उकरू देत,” बाई म्हणाल्या. “पण माझ्या नोंदवहीला कुणी खोडरबर लावलं, तर साहेब, ते हात मी त्याच शिक्क्याने रंगवेन.”

साहेबांनी त्यांना त्याच दिवशी टेबलावरून उठवलं आणि मागे रेकॉर्डरूममध्ये बसवलं, “चौकशीपर्यंत”. आवक-जावकवर टायपिस्ट आला. तो गोड स्वभावाचा, कुणाला न दुखावणारा माणूस. त्याने बाईंची खुर्ची घेतली, उशी घेतली आणि त्यांच्या सगळ्या सवयीही घेतल्या. नोंदवही मात्र बाईंनी कुलपात घालून किल्ली पदराला बांधली; टायपिस्टाला नवी वही काढावी लागली.

सुनावणी बुधवारी, तेवीस तारखेला, बरोबर दहा वाजता होती. आदल्या संध्याकाळी यजमान म्हणाले, “मी तुला म्हणालो होतो कायदा चांगला आहे म्हणून.”

“म्हणाला होतात.”

“अजूनही म्हणतो, वीज हवी. पण आज मी त्या शाळेजवळच्या खांबावर होतो. वर बसून बघत होतो. वारा सरळ आपल्या खिडकीत जातो गं.” मग ते म्हणाले, “उद्या काय बोलणार आहेस?”

“खरं.”

“तेवढंच बोल. पुढचं नको बोलूस.”

“पुढचं म्हणजे?”

“ते तू मंत्र्याबद्दल जे बोलतेस ते.”

वरच्या मजल्यावरची सुनावणीची खोली लांबट होती. टेबलाच्या टोकाला सुनावणी अधिकारी, सर्दी झालेले, तोंडात खोकल्याची गोळी, आणि प्रत्येक वाक्याला “बरं”. एका बाजूला टायवाला आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला साहेब आणि इंजिनियर पोरगी. बाईंना भिंतीशी स्टूल.

वकील म्हणाला, “नियम स्पष्ट आहे. अर्ज कधी मिळाला याचा पुरावा म्हणजे कार्यालयाचा शिक्का. नोंदवही हाताने लिहिलेली असते. हाताने काय, नंतरही लिहिता येतं.”

बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या. इंजिनियर पोरीने त्यांचा पदर धरला.

“बरं,” अधिकारी म्हणाले. “बाई, शिक्का तुम्ही मारला?”

“मीच मारला. अर्ज आला सोमवारी, नऊ चाळीसला. शिक्का पडला शुक्रवारचा. चूक माझी.” साहेबांनी डोळे मिटले. “आमच्याकडे साडेदहाचा चहा झाल्याशिवाय तारीख फिरवत नाहीत. फिरवली की बोटं माखतात. ही इथली रीत आहे, माझ्या आधीपासूनची. वाईट रीत आहे. पण तिच्यामुळे सोमवारचा शुक्रवार होत नाही. फाटकावरच्या वहीत बघा, हे साहेब सोमवारी नऊ पस्तीसला आत आलेत.”

टायवाला हळुवारपणे म्हणाला, “सर, अ‍ॅक्चुअली मी शुक्रवारीही आलो असेन. आठवत नाही. आणि बाईंचं घर तिथेच आहे, त्यामुळे त्यांच्या भावना...”

“माझ्या भावना बाजूला ठेवा, त्या तुम्हाला पेलणार नाहीत!” बाई म्हणाल्या. यजमानांनी सांगितलेलं त्यांना आठवलं आणि त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या. “साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तो शिक्का वर मागवा. आत्ता. मी आठवडाभर त्याला हात लावलेला नाही. दहा वाजून वीस मिनिटं झालीत. चहा झालेला नाही.”

अधिकाऱ्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि शिपायाला पाठवलं.

ती पाच मिनिटं बाईंना बावीस वर्षांएवढी वाटली. एवढा गाजावाजा झाला होता. इमारतीतला प्रत्येक माणूस गेले आठ दिवस हेच चघळत होता. टायपिस्टाने आज तरी सकाळी आल्याबरोबर चाक फिरवलं असेल. शहाणा असेल तर फिरवलंच असेल. देवा, त्याला शहाणपण देऊ नकोस.

शिक्का आला. अधिकाऱ्यांनी तो स्वतः हातात घेतला, कोऱ्या कागदावर टेकवला आणि चष्मा वर करून पाहिलं.

“बावीस,” ते म्हणाले. “आज तेवीस आहे.”

वकील उठला. “आजचा दिवस म्हणजे तो दिवस नव्हे. यावरून काहीही सिद्ध होत नाही.”

“बरं,” अधिकारी म्हणाले, आणि समोरच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक कागद ओढला. “हे तुमचं लेखी म्हणणं. तुमच्याच सहीचं. सकाळी खाली दिलंत. खाली तारीख कुठली टाकलीय तुम्ही?”

“तेवीस.”

“आणि ‘मिळाला’चा शिक्का आहे बावीसचा. म्हणजे तुम्ही आज लिहिलेलं या कार्यालयाला काल मिळालं.” त्यांना जोरात शिंक आली. ती झाल्यावर ते म्हणाले, “वकीलसाहेब, हे पुरावा म्हणून धरायचं का?”

इंजिनियर पोरीने तोंडावर फाइल धरली. टायवाल्याचं हसू पहिल्यांदाच ओठांवरून खाली घसरलं.

निकाल दोन दिवसांनी आला. अर्ज बारा तारखेला मिळाला असे ठरते. हरकतीचे पत्र मुदतीत आहे. वर्षभराचे वाऱ्याचे मोजमाप आणि रुळांकडच्या बाजूचा नवा नकाशा आल्याखेरीज खोदकाम करू नये. बाईंनी तो कागद उभ्याउभ्या वाचला, मग इंजिनियर पोरीला वाचायला लावला, मग वॉचमनला.

बाईंना त्यांची खुर्ची परत मिळाली. सोमवारी सकाळी त्या नऊ वाजता येऊन बसल्या. चहा यायला दीड तास होता. त्यांनी शिक्का उचलला आणि चाक फिरवलं. अंगठा आणि दोन बोटं जांभळी झाली.

पहिलाच लिफाफा त्यांच्याच नावाचा निघाला. कारणे दाखवा नोटीस. बावीस वर्षे चुकीच्या तारखा टाकल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा द्यावा. खाली साहेबांची सही होती. ही करताना त्यांना घाम पुसावा लागला नव्हता, अक्षर अगदी वळणदार होतं. आणि सर्वांत खाली: सात दिवसांत खुलासा न आल्यास आरोप मान्य आहेत असे मानले जाईल.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी नोटीस टेबलावर सरळ केली, नोंदवहीत वेळ लिहिली आणि शिक्का हाणला. वरच्या मजल्यावर कुणीतरी विचारलं, “दुरुस्ती चालू आहे का?”

सात दिवस कशाला हवेत? त्यांनी तिथेच बसून खुलासा लिहिला. पहिल्या ओळीत चूक कबूल केली. पुढच्या दीड पानात साबण कुठे आहे, शिक्का किती वर्षांचा आहे, नवा शिक्का कितीदा मागितला आणि प्रत्येक मागणी कुठल्या तारखेला साहेबांच्या टेबलावर गेली ते लिहिलं. तारखा सगळ्या नोंदवहीत होत्याच. मग त्याच्यावरही शिक्का मारून त्या सरळ साहेबांच्या खोलीत शिरल्या.

“हे काय, बाई?”

“ते आपलं हे. खुलासा.”

“ठेवा तिकडे. बघतो सावकाश.”

“नाही साहेब. मिळाला म्हणून सही करा.” जांभळ्या बोटाने त्यांनी जागा दाखवली. कागदावर ठसा उमटला. “आणि शेजारी वेळ लिहा.”

“वेळ कशाला?”

“कुणाला काही मानायला शिल्लक नको.”